हातभर ओली वाळू

जरा पाय उचला. हो, तुम्हालाच म्हणतेय. तुमच्या टाचेखाली दोन बोटं वाळू आहे आणि त्या वाळूखाली मी आहे. मी युतुक बोलतेय.

दिसायला मी काही फार नाही. अंगठ्याएवढी, राखी रंगाची, पाठ अंड्यासारखी गुळगुळीत. खेकड्यांच्या नात्यातली, पण मला नांगी नाही, मी चावत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मला विद्या येते ती एकच, मागे सरकत वाळूत घुसायची. तुम्ही ‘अगंबाई’ म्हणेपर्यंत मी गडप झालेली असते. पुढे कसं चालतात ते मला माहीत नाही. लोक त्यावरून हसतात. हसू देत. पुढे चालणाऱ्यांनी काय दिवे लावलेत ते मी खालून रोज ऐकते.

ऐकते म्हणजे खरंच ऐकते. आम्हाला डोळे आहेत, पण ते नावापुरते. वाळू मात्र सगळं सांगते. कोण आलं, किती वजनाचं आलं, रागात आलं की रमतगमत आलं, चप्पल घालून आलं की अनवाणी, सगळं पावलांवरून कळतं. आणि माणसं पाण्याच्या कडेला आली की जगभराचं बोलतात. खाली कुणी ऐकत असेल असं त्यांच्या मनातसुद्धा येत नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मी सांगू शकत नाही. आईनं पाण्यात सोडलं आणि पुढचे चार महिने मी दर्यावर नुसती तरंगत होते, मोहरीच्या दाण्याहून बारीक. हजारो भावंडं होती. त्यातली किनाऱ्याला किती लागली ते विचारू नका. मला एका लाटेनं उचललं आणि वेरू गावाच्या काळ्या वाळूवर आणून आपटलं. दुसऱ्या लाटेच्या आत मी मागे सरकून बुडाले. कुणी शिकवलं नव्हतं, तरी जमलं.

तेव्हापासून हेच घर. लाट वर चढते तेव्हा मी गप्प बसते. ती परत निघाली की मिशा पाण्यात पसरते आणि येईल ते बारीकसारीक चाटून घेते. भरती वर चढली की आम्ही वर सरकतो, ओहोटी लागली की खाली उतरतो. कोरड्या वाळूत मी तासभर टिकत नाही आणि खोल पाण्यात मासे टपलेले. दोन्हींच्या मधली हातभर ओली वाळू तेवढी आमची. तीही एका जागी थांबत नाही, दिवसभर वरखाली करते आणि आम्ही तिच्या मागे.

लग्नाचं विचाराल तर आमच्यात नवरे तिळाएवढे. एक सोडून तीन माझ्या पायांना चिकटून असत. खाणंपिणं माझ्या जिवावर आणि काम शून्य. म्बाह पोनिराहला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, ‘मग त्यात नवीन काय?’

म्बाह म्हणजे आजी. पोनिराहला सगळं गाव म्बाहच म्हणतं. तिची पावलं मी वाळूतल्या माझ्या पहिल्या महिन्यापासून ओळखते. डावी टाच जड, उजवी हलकी, आणि चाल उलटी. युतुक पकडणारी माणसं मागे मागे चालतात. हातात सोरोक असतं, म्हणजे लांब दांड्याची जाळीची पेटी, तळाला बांबूचे दात. लाट परतली की ती पेटी ओल्या वाळूतून ओढत मागे जायचं, वाळू गळून जाते आणि आम्ही जाळीत राहतो. म्हणजे ती उलटी, आम्हीही उलट्या. तिच्या गावात आम्हाला तांदळाच्या पिठात बुडवून, वर लिंबाच्या पानाचे तुकडे घालून तळतात. त्या कुरकुरीत चकत्यांना पेयेक म्हणतात. त्या म्हणे फार चविष्ट लागतात. मी कशी सांगणार?

पोनिराहनं मला दोनदा पकडलं आणि दोन्ही वेळा सोडलं. पहिल्यांदा मी तिच्या नखाएवढी होते. ती म्हणाली, “पळ, अजून दूधपिती आहेस.” दुसऱ्यांदा तिनं मला पालथी करून पोटाखाली बघितलं. तिथे अंड्यांचा नारिंगी घोस होता. “पोटुशी बाई तू,” ती म्हणाली, “तुला खाऊन मला कुठे पाप घ्यायचंय!” आणि पाण्यात भिरकावलं. पहिल्यांदा माणसाच्या हातून उडाले तेव्हा पाण्यात पडेपर्यंत मी हवेतच वाळू उकरत होते. दुसऱ्यांदा सवय झाली.

हे नियम तिला तिच्या सासूनं घालून दिले होते. लहान उचलायची नाही, अंडीवाली ठेवायची नाही, आणि क्लिवोनच्या शुक्रवारी ओल्या वाळूला पाय लावायचा नाही. आमच्याकडे दोन आठवडे एकदम चालतात, एक सात दिवसांचा आणि दुसरा पाच दिवसांचा, बाजाराचा. क्लिवोन हा त्या पाचांतला एक. शुक्रवार आणि क्लिवोन पस्तीस दिवसांतून एकदा एकत्र येतात. तो दिवस दक्षिण दर्याच्या राणीचा; हा दर्या तिच्या मालकीचा, असं गाव मानतं. त्या दिवशी होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं सावलीत बसून जाळी शिवतात आणि पाण्याच्या कडेला कुणी फिरकत नाही.

राणी मला कधी दिसली नाही. पण तो दिवस खरा होता. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एक पाऊल नाही. आम्ही पोटभर खायचो, वाळूत ऐसपैस पसरायचो, कुणी अंडी सोडायची, कुणी कात टाकायची. पस्तीस दिवसांतून एक दिवस पुरायचा. आमची फार मोठी मागणी नसते.

मग रस्ता आला.

रस्ता आला त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. आधी पोनिराह डोक्यावर टोपली घेऊन चिखलातून बाजाराला जायची, आता लोकच तिच्या दारात येऊ लागले. तिच्या घरासमोर पेयेकची टपरी उभी राहिली. रविवारी मोटारी यायच्या, पोरंटोरं वाळूत किल्ले करायची, जोडपी नावं लिहायची आणि लाटेनं पुसली की खिदळायची. त्यांच्या पायांखाली दबून आमच्यातल्या काही जणी गेल्या. पण लोक संध्याकाळी घरी जात आणि सोमवारी वाळू पुन्हा सैल होई.

गावानं किनाऱ्याची एक समिती केली. तिचे अध्यक्ष पाक दार्सोनो. पाक म्हणजे आदरानं ‘बापू’ म्हणावं तसं. बूट घालून वाळूत चालणारा हा आमच्या गावातला एकटाच माणूस. मनानं वाईट नाही. गावातली पोरं कारखान्यांसाठी दूर शहरात जातात आणि म्हातारपणीच परत येतात, हे त्याला बघवत नव्हतं. किनारा चालला तर पोरं घरी राहतील, असा त्याचा साधा हिशेब होता.

आधी त्यानं वरच्या अंगाला दगडी बांध घातला, लोकांना बसायला आणि फोटो काढायला. पूर्वी मोठ्या भरतीला आम्ही पार वेलींपर्यंत वर सरकायचो. आता वर दगड. लाट बांधावर आपटते, चवताळून परत फिरते आणि जाताना बारीक वाळू घेऊन जाते. मागे उरते ती जाड खरखरीत. त्यात घुसायला मला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्यात पाखरू चोच मारतं.

मग सकाळी दातेरी फावडं लावलेला ट्रॅक्टर फिरायला लागला. दर्यानं टाकलेलं शेवाळ, काड्या, मेलेली मासळी सगळं ओरबाडून न्यायचा. “पाहुण्यांना वास येतो,” पाक दार्सोनो म्हणाला. त्या कचऱ्याखाली उड्या मारणारे बारीक किडे राहायचे, लाखांनी. दोन महिन्यांत एक दिसेना. त्यांच्यावर जगणारी पाखरंही दुसरीकडे गेली. वर बिळात राहणारा एक पांढुरका खेकडा होता, दांड्यांवर डोळे असलेला. मी त्याला डोळ्या म्हणायचे. संध्याकाळी तो पाण्याला अंग ओलं करायला यायचा. माझं आणि त्याचं फारसं पटायचं नाही, कारण जमलं तर तो मला खायचा. पण शेजार तो शेजार. बांधावर दिवे लागल्यापासून तो बावचळला होता, पाण्याकडे यायचं सोडून उजेडाकडेच जायचा.

आणि मग नोमो परत आला. नोमो म्हणजे पुर्नोमो, पोनिराहचा मुलगा. बारा वर्षं शहरातल्या कारखान्यात राबला आणि येताना चार एटीव्ही घेऊन आला. एटीव्ही म्हणजे जाड चाकांच्या उघड्या गाड्या, भाड्यानं वाळूत पळवायच्या. लोकांची झुंबड उडाली. गाडी आली की मला आधी दातांत कळते, म्हणजे दात असते तर कळली असती. सगळी वाळू थरथरते, मग वरून दाबते, आणि मग शेजारणीचा आवाज बंद होतो.

“माक,” नोमो आईला एकदा म्हणाला, मी अगदी त्यांच्या पायांशी होते, “तू जन्मभर उलटी चाललीस, म्हणून आपलं घर कधी पुढे गेलं नाही.”

“आणि तू सरळ चाललास,” पोनिराह म्हणाली, “त्यातून काय आणलंस? चार भोंगे आणि कंबरदुखी.”

“लोकांना मजा वाटते गं.”

“वाटेल ना. माझी पेटी बघ.”

नोमोनं पेटीत डोकावलं असावं, कारण त्याचं वजन टाचांवरून बोटांवर आलं. पूर्वी उन्हं वर यायच्या आत तिची बादली भरायची. आता सकाळभर ओढून तळ झाकत नव्हता. गावातल्या बाकीच्यांनी सोरोक केव्हाच माळ्यावर टाकले होते. ओल्या वाळूत उलट्या चालणाऱ्या माणसांत आता ती एकटीच उरली होती.

“मोसम नसेल,” नोमो म्हणाला.

“मोसम!” ती म्हणाली. “तुझ्या गाडीला पण मोसम असता तर बरं झालं असतं.”

आता माझं सांगते, कारण इथून पुढे माझा जीव टांगणीला लागला होता. माझ्या पोटाखाली पुन्हा अंडी होती. आधी नारिंगी, मग करडी, मग प्रत्येकात दोन काळे ठिपके. ठिपके म्हणजे डोळे. डोळे दिसले की दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि भरतीच्या पाण्यात सोडावी लागतात. हे माझं बहुधा शेवटचं बाळंतपण. आम्ही दोन वर्षांच्या वर जगत नाही, आणि माझ्या पाठीचा गुळगुळीतपणा कधीच गेला होता. अंगात अंड्यांचं ओझं, वाळू जाड, पळायला पाय जड. मला फक्त एक शांत दिवस हवा होता, आणि तो दिवस येत होता. परवा क्लिवोनचा शुक्रवार होता.

बुधवारी पाक दार्सोनोचे बूट पाण्याच्या कडेला आले. सोबत नोमो होता आणि मागून पोनिराहची जड टाच.

“शुक्रवारी सुट्टी जोडून आलीय,” पाक म्हणाला. “गर्दी लोटणार. सकाळी अकराला ओहोटी. ओली वाळू घट्ट असते, चाक रुतत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत. बाहेरगावच्या वीस गाड्यांनी नावं दिलीत.”

“शुक्रवार क्लिवोन आहे,” पोनिराह म्हणाली.

“माहीत आहे म्हाताऱ्या माणसांना काय वाटतं ते. म्हणून आम्ही काल राणीला नैवेद्य सोडला, म्बाह. रीतसर परवानगी मागितली.”

“बरं केलंत. मग काय म्हणाली ती?”

“काय म्हणणार? काही नाही म्हणाली.”

“माझा नवराही काही म्हणायचा नाही,” पोनिराह म्हणाली. “त्याचा अर्थ तो हो म्हणाला असा मी एकदा घेतला आणि वर्षभर भोगलं.”

नोमो फसकन हसला. पाक दार्सोनोला हसू आलं नाही. “म्बाह, तुम्ही गावाच्या पायात पाय घालू नका. तुमच्याच मुलाचं भलं होतंय.”

“दार,” ती त्याला लहानपणीच्या नावानं म्हणाली, आता तिचा आवाज बदलला होता, “तुझं नाक मी पदरानं पुसलंय, तेव्हा मला गाव शिकवू नकोस. पस्तीस दिवसांतून एक दिवस मागतेय. बाकीचे चौतीस घाला चुलीत.”

“जाहिरात झालीय,” पाक म्हणाला आणि बूट वाजवत निघून गेला.

मी खाली बसून मोजत होते. बुधवार, गुरुवार. माझी अंडी शुक्रवारी संध्याकाळच्या भरतीला फुटणार, त्याच्या आधी नाही. आणि शुक्रवारी सकाळी अकराला वीस गाड्या नेमक्या त्याच पट्ट्यावरून, जिथे ओहोटीला मला असणं भाग आहे. वर जावं तर कोरडं, खाली जावं तर मासे. मी घाबरले होते. नुसती नाही, फार घाबरले होते. लपायला मला दोन बोटं वाळू पुरते, पण गाडीला ती पुरत नाही.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा बांधावर भोंगे सुरू झाले होते. गाण्यांच्या ठोक्यानं वाळू उडत होती. ओहोटी लागली तशी मी खाली उतरत गेले. दहा वाजून गेले असतील. आणि मला ती टाच ऐकू आली. डावी जड, उजवी हलकी.

माझा विश्वास बसेना. क्लिवोनच्या शुक्रवारी पोनिराह ओल्या वाळूत? लग्न होऊन आल्यापासून पंचेचाळीस वर्षांत जे झालं नव्हतं ते? ती कडेला थांबली, चपला काढल्या आणि दर्याला म्हणाली, “आई, आजचा दिवस माफ कर. पाय माझा आहे, पाप माझं आहे. पोरांना धरू नकोस.” मग तिनं पाऊल टाकलं.

तिच्या काखेत मोठी टोपली होती. आदल्या दुपारपासून तिनं केळीच्या पानांचे द्रोण वळले होते. प्रत्येकात गुलाबाच्या पाकळ्या, चाफ्यासारखी पिवळी फुलं, चिमूटभर चिकट भात आणि एक उदबत्ती. ती एक द्रोण वाळूत ठेवायची, उदबत्ती लावायची, चार पावलं मागे जायची, दुसरा ठेवायची. सवयच तशी, मागे मागेच चालत होती. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर, अशी नागमोडी रांग. एक द्रोण माझ्या डोक्यावर आला. तिच्या अंगठ्यात आणि माझ्यात बोटभर वाळू होती. मी श्वास धरून बसले.

तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. ती राणीचा दिवस वाचवत होती, आणि आपली बादलीही. पण राणीचा दिवस तो माझाही दिवस.

अकरा वाजता गाड्या रांगेत आल्या. सगळ्यांत पुढे नोमो. इंजिनं घुरघुरत होती. मग एकेक करून बंद होऊ लागली, आणि मला वाटलं माझे कान गेले.

आमच्याकडची माणसं कशालाही घाबरणार नाहीत. पोलिसांना नाही, वेगाला नाही, बापाला तर नाहीच. डोक्यावर कवटीची चित्रं काढलेली हेल्मेटं घालतील. पण दर्यासाठी मांडलेल्या फुलांवरून चाक घालायचं म्हटलं की त्यातला सगळ्यात आडदांडसुद्धा गाडीतून उतरून उभा राहतो.

“हे कुणी मांडलं?” पाक दार्सोनो ओरडला.

“मी,” पोनिराह म्हणाली.

“उचला बघू कुणीतरी.”

कुणी हललं नाही. बाहेरगावचा एक जण म्हणाला, “तुमचा किनारा, तुमची राणी. तुम्ही उचला, पाक.”

“मी अध्यक्ष आहे.”

“म्हणून तर.”

“नोमो, तुझी आई आहे. तू उचल.”

नोमो खाली उतरला. अनवाणी होता. तो आईपर्यंत चालत आला आणि तिच्या पायांकडे बघत राहिला. “माक,” तो म्हणाला, “तू आज पाण्यात उतरलीस? तू?”

“हो, मी,” ती म्हणाली. “सासू मेली तरी जे मोडलं नव्हतं ते आज तुझ्यामुळे मोडलं. आता तू उचल फुलं. उचल ना! तुझा हात अडवायला मी इथेच उभी आहे.”

नोमोनं फुलं उचलली नाहीत. त्यानं तिच्या हातातली रिकामी टोपली घेतली आणि तिला धरून कोरड्या वाळूत नेलं. दर दोन पावलांनी म्हातारी दर्याकडे वळत होती. जन्मभर ज्याची भीती बाळगली ते स्वतः केल्यावर माणसाचं असंच होतं.

मला वाटलं, सुटले. सुटलेही. पण शर्यत काही रद्द झाली नाही. पाक दार्सोनोनं ती वर हलवली, बांधाच्या कडेच्या कोरड्या वाळूत. तासभर तिथे गाड्या धावल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बक्षिसं वाटली. नोमोनं आपली गाडी घातली नाही, पण बाकीच्या धावल्या. त्या पट्ट्यात डोळ्याचं, त्या पांढुरक्या खेकड्याचं, बीळ होतं. त्याचं आणि त्याच्यासारख्या शेकड्यांचं. हातभर खोल बीळ म्हणजे सुरक्षित, असं तो नेहमी मिजाशीत सांगायचा.

संध्याकाळी तो पाण्याला आला नाही. मी बराच वेळ वाट पाहिली. तो आला असता तर कदाचित मला खाल्लंही असतं, तरी वाट पाहिली. पोनिराहला हे तेव्हा माहीत नव्हतं. तिला वाटत होतं तिनं किनारा वाचवला. तिनं वाचवली ती हातभर ओली वाळू, आणि तिची किंमत वरच्यांनी मोजली. याचा दोष मी तिच्यावर ठेवत नाही. फुलं तरी एक बाई किती वळणार?

सूर्य टेकताना भरती चढली. द्रोण एकेक करून उचलून पाण्यानं आत नेले. दर्यानं नेलं म्हणजे राणीनं घेतलं, बांधावरचे लोक म्हणाले. त्याच पाण्यात माझी अंडी फुटली. मी शेपटी उघडली आणि पोटाखालचं ओझं हलकं होत गेलं. हजारो होती. मोहरीहून बारीक, प्रत्येकाला दोन काळे डोळे. निरोपाला वेळ मिळत नाही, लाट थांबत नाही. मी एवढंच म्हणाले, “जा, आणि जमलं तर याच वाळूत या.” ऐकलं की नाही कोण जाणे.

आज शनिवार. सकाळी पोनिराह सोरोक घेऊन आली. मी दमले होते, घुसायला उशीर झाला. पेटीचे दात माझ्याखालून गेले, वाळू गळली आणि मी जाळीत राहिले. तिनं मला उचललं, पालथी केली, अंगठ्यानं पोटाखाली चाचपलं.

“रिकामी,” ती म्हणाली. “झालं तुझं काम? मग ये.” आणि बादलीत टाकलं.

मला राग आला नाही. तिनं नियम पाळला.

थोड्या वेळानं नोमोची पावलं आली. तो बादलीपाशी उकिडवा बसला आणि हात आत घातला. बऱ्याच दिवसांनी बादलीचा तळ झाकलेला होता.

“कुठे मिळाल्या एवढ्या?”

“काल जिथे चाकं गेली नाहीत तिथे,” ती म्हणाली.

नोमो आम्हाला बोटानं ढवळत राहिला. मग म्हणाला, “पुढचा क्लिवोनचा शुक्रवार कधी?”

“पस्तीस दिवसांनी. तो काय पळून जातोय?”

“त्या दिवशी गाड्या बाहेर काढत नाही. पाक दार्सोनोला पण सांगतो.” मग जरा घुटमळला. “पण माक, खालच्या वाळूत तुझ्या युतुक. आज सकाळी वर बघितलं, सगळी बिळं बुजलीत, मेलेले खेकडे पडलेत. खाली नाही, वर नाही, मग मी गाड्या चालवू कुठे?”

म्हणजे त्यानं बघितलं होतं. मी बादलीत होते, तरी मला बरं वाटलं.

“एवढा मोठा रस्ता कशाला बांधलाय?” पोनिराह म्हणाली आणि सोरोक ओढत मागे मागे निघाली.

तर आता मी टपरीमागच्या पातेल्यात आहे, गोड्या पाण्यात, वाळू निघून जावी म्हणून. शेजारी पीठ कालवलं जातंय. माझं मला काही मागायचं नाही. खाणाऱ्याला मी भीत नाही. खाणारा मला पालथी करून बघतो, अंडी असतील तर सोडतो, कारण त्याला उद्याही यायचं असतं. मला भीती वाटते ती ज्यांना मी आहे हेच माहीत नाही त्यांची. ते वाईट नसतात. ते सुट्टीवर आलेले असतात.

माझी पोरं दर्यात आहेत. चार महिन्यांनी कुठली तरी लाट त्यांना कुठल्या तरी किनाऱ्यावर आणून आपटेल. कदाचित वेरूच्या, कदाचित तुमच्या. तिथे पस्तीस दिवसांतला एक दिवस कुणी राखत असेल का, मला माहीत नाही. तुम्ही राखाल? त्यांना ओळखायला तुम्हाला काही करावं लागणार नाही. लाट परतली की ओल्या वाळूत बारीक बारीक खुणा उमटतील, मिशांच्या. त्या दिसल्या की पाऊल जरा बाजूला टाका.

कढईत तेल ओतल्याचा आवाज आला. चला, निघते मी. मागे सरकतच जाते, दुसरं काही मला येत नाही.